खालच्या पट्टीतली मंदाकिनी

मंदाताई घोरपडेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका जनरेटरशी भांडत होती.

नोएडातल्या आमच्या कॅसेट कंपनीच्या मागच्या अंगणात तो जनरेटर होता. मे महिना, वीज गेलेली, आणि तापलेल्या फरशीवर एक बाई अनवाणी पायांनी, एकदा या पायावर तर एकदा त्या पायावर उभी. अंगात चंदेरी जाकीट, हातात उंच टाचांचे चंदेरी बूट. जनरेटर चालवणाऱ्या भैयाला ती हिंदीत समजावत होती की तुझं हे मशीन काळी दोनमध्ये गातंय आणि माझं गाणं आहे काळी एकमध्ये. भिंतीतून आवाज येतो, मला भलताच सूर लागतो. भैया हसून मान डोलवत राहिला. तेव्हा ती वळली आणि स्वतःशीच पुटपुटली, "कानात बोळे घातलेत मेल्याने!"

दिल्लीत परक्या अंगणात असं खणखणीत मराठी ऐकलं की माणूस चालता चालता थांबतो. मी थांबलो. "तुम्ही मराठी?"

"बिल्कुल! तू कुठला?"

"कराडचा."

"म्हणजे शेजारीच की रे. आम्ही कोरेगावकडचे. आणि अहो-जाहो नको यार, मी काय सासू आहे तुझी? मंदाताई म्हण."

ही मंदाताई म्हणजेच मँडी, हे मला संध्याकाळी कळलं. मी कंपनीत नुकताच लागलो होतो. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलो, पूर्वपरीक्षेतच दोनदा अडकलो, आणि सरोजिनी नगरच्या भाड्याच्या खोलीतले बाकीचे मित्र तिसऱ्यांदा अभ्यासाला बसले तेव्हा मी कॅसेटच्या वेष्टनावरचा मजकूर लिहायची नोकरी धरली. मँडीचं नाव मात्र तेव्हा कोणाला माहीत नव्हतं? घराघरांत केबल आली होती, आणि दर तासाला त्यावर ती चंदेरी जाकीट घालून एका अर्धवट बांधलेल्या उंच इमारतीच्या गच्चीवर धावायची. हातात बिनतारी फोन, त्याची एरियल बाहेर ओढलेली, आणि कोवळा, सोळा वर्षांच्या पोरीसारखा आवाज: "तार नहीं तो क्या हुआ, प्यार तो है!" गाण्याचं नाव होतं 'कॉर्डलेस'. लग्नाच्या वरातीत, रिक्षात, बँडवाल्यांकडे, सगळीकडे तेच गाणं.

मंदाताईचा कान ही एक अजब चीज होती. पंखा, फ्रिज, लिफ्ट, सगळ्यांचा सूर ती सांगायची. "तुमच्या मालकांचा, त्या बत्रासाहेबांचा, एसी बेसूर आहे, तरीच ते सारखे चिडतात," हे तिचं निदान. गाताना पायात काही चालायचं नाही. जमीन तळव्याला लागली की मगच सूर लागतो, असं म्हणायची, आणि कंपनीने तिला दिले होते ते चार बोटं उंच टाचांचे बूट! कॅमेरा कमरेच्या वर गेला की ती ते हळूच काढून टाकायची. तिचे वडील फौजेत, त्यामुळे तिचं बालपण कँटोनमेंटच्या क्वार्टरांत गेलेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. पुष्कळ मराठी शब्द तिच्या हातून निसटले होते आणि ती ते माझ्याकडून भरून घ्यायची. "सुहास, ते काय म्हणतात रे, संध्याकाळी उगाचच कसंतरी होतं ते?" मी सांगायचो, "हुरहुर." मग तो शब्द ती दिवसभर वेगवेगळ्या सुरांत घोळवायची. रागवायची मराठीत, हसायची हिंदीत. आणि कोणत्याही प्रश्नाला तिची दोनच उत्तरं असत: 'बिल्कुल' किंवा 'बिल्कुल नाही'. मधलं काही तिला ठाऊकच नव्हतं.

एका रविवारी ती कपडे घ्यायला सरोजिनी नगरच्या बाजारात आली आणि मला हाक मारून बरोबर घेऊन गेली. साधा पंजाबी ड्रेस, केसांची वेणी. कोपऱ्यावरच्या कॅसेटच्या टपरीवर 'कॉर्डलेस' जोरात वाजत होतं. शेजारच्या दुकानदाराने एक झगझगीत जाकीट तिच्यापुढे धरलं. "ले लो मॅडम, मँडी यही पहनती है."

ताई आपल्या भरदार, किंचित खरखरीत आवाजात म्हणाली, "मँडी पे ये रंग अच्छा नहीं लगता भैया. मिले तो बोल देना."

"अरे मॅडम, आप क्या जानो मँडी को!"

ती हसून हसून वाकली. पण परतताना चाट खाता खाता मी विचारलं, "ताई, समोर गाणं वाजतंय, समोर तू बोलतेयस, आणि त्याला ओळखू येत नाही, असं कसं?"

"कसं येईल? तो आवाज माझा आहे कुठे?" तिने मला सगळं सांगितलं. गाणं रेकॉर्ड करताना टेप हळू फिरवायचे आणि कॅसेट काढताना जोरात. तेवढ्यानेच आवाज चढायचा, कोवळा व्हायचा. "कॅसेटवर गाते ती माझी धाकटी बहीण. आणि मला बहीणच नाही! गंमत बघ, स्टेजवर मात्र मला तिच्यासारखं गावं लागतं. तिथे टेप कुठून आणू? गळाच ताणायचा."

ते ताणणं किती दिवस चालणार होतं? त्या हिवाळ्यात मेहरौलीकडच्या एका फार्महाउसवर साखरपुड्याचं जेवण होतं, मँडीला बोलावलं होतं. 'कॉर्डलेस'च्या सर्वांत वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. फाटला म्हणजे खरोखर कापड फाटावं तसा. पाहुण्यांना वाटलं माइक बिघडला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि हुकूम दिला: पूर्ण मौन. पुन्हा त्या पट्टीत गायलात तर बोलायलाही आवाज राहणार नाही.

तोवर ती गुडगावला राहायला गेली होती. नव्याने उभ्या राहिलेल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर, वडिलांबरोबर. आई फार पूर्वी गेलेली. वडील, म्हणजे अण्णा, निवृत्त सुभेदार. त्यांच्याविषयी सांगितलं नाही तर ताईची गोष्ट अर्धीच राहील. पांढऱ्या मिशा, ताठ कणा, कडक इस्त्रीची पँट. फौजी बापाला मुलीचं पॉप गाणं कसं रुचेल, असं मला वाटायचं. पण मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा अण्णांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि टेपवर 'कॉर्डलेस' लावून दिवाणखान्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून नाचून दाखवलं! मँडीचा त्यांच्याएवढा भक्त अख्ख्या उत्तर भारतात नसेल. फौजेतल्या प्रत्येक जुन्या मित्राला त्यांनी ती कॅसेट पाठवली होती. "आमच्या पलटणीत असं गाणं असतं ना," ते म्हणायचे, "तर जवान सियाचेनसुद्धा नाचत चढले असते."

ताईच्या मौनात अण्णा दुप्पट बोलत राहिले आणि ताई गच्चीत बसून ऐकत राहिली. ती पहिल्यांदा बोलली ते मी ऐकलं नाही. पण ती पहिल्यांदा गायली ते मात्र माझ्यासमोर.

महाराष्ट्र सरकारच्या दिल्लीतल्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी मिळायची. तिथे भेट, असा ताईचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. चपला टेबलाखाली काढलेल्या, डोळे लकाकणारे. हाताने इशारा केला, बस. मग इकडे तिकडे पाहिलं, थोडी पुढे झुकली आणि गाऊ लागली. टेबलापलीकडे जेमतेम पोचेल इतकं हळू.

"सातवीं मंज़िल पे धूप तो आती है, पड़ोसन नहीं आती."

तो आवाज! मी तो कधी ऐकलाच नव्हता. खोल, रुंद, तळाशी थोडी रेती असलेला. वर चढायची त्याला घाई नव्हती. एका सुरावर तो बैठक मारून बसायचा. माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. शेजारच्या टेबलावर मुंबईहून आलेले दोन अधिकारी फायलींबद्दल बोलत होते, तेही गप्प झाले.

"कुणाचं गं हे?" मी विचारलं.

"माझं! शब्द माझे, चाल माझी. आणि आवाज तर बिल्कुल माझा." ती टेबलावर थाप मारून म्हणाली. "सुहास, दोन महिने गप्प बसले ना, तेव्हा ऐकू आलं मला. वर सातव्या मजल्यावर नवी फरशी, नवा सोफा, आणि बायका दिवसभर एकट्या. खाली सकाळी कारखान्याच्या बसला उभ्या राहणाऱ्या पोरी. कुणी त्यांचं गाणं गात नाही रे. सगळे फोनचं गातायत! आठ गाणी झालीत माझी. आता अल्बम करायचा. मँडी संपली."

मला तिच्याइतकाच जोर चढला. खिचडी गार झाली, आम्ही दुसरी मागवली, तीही गार झाली.

पुढचे आठ-नऊ महिने धामधुमीचे होते. तिने थॉमसला गाठलं. हा केरळचा बास गिटार वाजवणारा, बायको सरकारी इस्पितळात नर्स, राहायला माझ्याच गल्लीत. आमच्या स्टुडिओत ढोलाच्या मशीनपुढे त्याला कोणी विचारत नव्हतं. ताईने त्याला सांगितलं, "मशीन नको. तू, एक तबला, एक सारंगी. आणि टेप जशी आहे तशीच फिरेल." सकाळी स्टुडिओ रिकामा असायचा, तेव्हा ते तिघे-चौघे तालीम करायचे. दार उघडलं की आतून तो खालचा सूर कॉरिडॉरमधून वाहत यायचा आणि टायपिस्ट बायका टाइप करायच्या थांबायच्या.

बत्रासाहेब थांबणारे नव्हते. ते आमचे मालक. गोरेपान, हसरे, अंगठ्यांनी भरलेली बोटं. करारात तिचा एक अल्बम बाकी होता आणि त्यांनी त्याचं नावही ठरवून टाकलं होतं: 'पेजर'.

"पहले कॉर्डलेस, फिर पेजर, फिर मोबाइल! दस साल का काम है, मँडी!" ते म्हणाले.

"सर, कॉन्ट्रैक्ट में एल्बम लिखा है. पेजर नहीं लिखा," ताई म्हणाली. तिने टेप लावली. बत्रासाहेबांनी दोन गाणी डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, विरघळले. त्यांनी डोळे उघडले.

"बेटा, आवाज बहुत अच्छी है. पर ये रोती क्यों है?"

"रो नहीं रही सर, बोल रही है."

"और कवर पे नाम?"

"मंदाकिनी घोरपडे."

"इतना लंबा नाम कैसेट पे नहीं आएगा."

"तो कैसेट लंबी कर दीजिए."

वेष्टनावरचा मजकूर माझ्याकडे, म्हणून मी त्या खोलीत होतो. मला हसू दाबता येईना. बत्रासाहेबही हसले, पण त्यांनी अट घातली. मानेसरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा कुटुंबमेळावा होता आणि त्यांनी मँडीला बोलावलं होतं. "वहाँ ये गाने गाओ. लोग बैठ के सुनें, तो तेरी एल्बम निकालूँगा, तेरे लंबे नाम के साथ. उठ गए, तो पेजर. मंज़ूर?"

"बिल्कुल," ताई म्हणाली.

घरी अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी बत्रासाहेबांची बाजू घेतली. "मंदे, नाचण्याजोगं काहीच नाही यात? माणसं दमूनभागून येतात. त्यांना पाय हलवायचे असतात."

"अण्णा, तुम्ही एकदा बसून ऐका तरी."

"बसून काय ऐकायचं? गाणं उभ्याने ऐकायचं असतं."

पण कार्यक्रमाला ते आले. डिसेंबरचं ऊन, कारखान्यामागचं मैदान, रंगीत कापडाचा मांडव. पुढे साहेब लोक आणि बत्रासाहेब, त्यामागे कामगार, आणि उजव्या अंगाला सतरंज्यांवर त्यांच्या बायका. हरियाणाच्या, बिहारच्या, चार-दोन आपल्या नगर-साताऱ्याकडच्याही. ताई कोसाच्या साडीत आली, अनवाणी. सारंगी सुरू झाली आणि कामगारांतून पहिली हाक आली.

"कॉर्डलेस!"

मग दुसरी. मग टाळ्यांचा ताल धरून सगळेच: "कॉर-डलेस! कॉर-डलेस!" मी वळून पाहिलं. त्या घोळक्याच्या मध्ये, हात वर करून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते ते अण्णा.

सारंगी थांबली. बत्रासाहेबांनी ध्वनियंत्रणेवाल्याला बोटाने खूण केली आणि भोंग्यांतून 'कॉर्डलेस'चं वाद्यसंगीत सुरू झालं, गायिकेच्या आवाजाशिवायचं. आता ती गाणार, नाहीतर रडणार, असं मला वाटलं. ती पट्टी तिच्या गळ्याला चालणारच नव्हती.

ताईने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ती मंचाच्या कडेला आली, माइक तोंडापासून दूर नेला आणि लोकांकडे धरला. गाण्याचं तोंड आलं, आणि अख्खं मैदान गायला लागलं. "तार नहीं तो क्या हुआ!" कडवीसुद्धा पाठ होती लोकांना. पुरुष, पोरं, कँटीनचे आचारी, साहेबसुद्धा. ताई हसत हसत एका हाताने ताल देत होती, कुणी चुकलं तर बोट दाखवून लटकं रागवत होती. असं बेसूर आणि असं आनंदी 'कॉर्डलेस' पुन्हा कधी कुणी गायलं नसेल. गाणं संपलं, टाळ्या, शिट्ट्या. तिने माइक जवळ घेतला.

"वा! आप लोग तो मुझसे अच्छा गाते हो. तो आज से ये गाना आपका. मैंने दे दिया." हशा पिकला. "अब मेरा सुनोगे?"

कोणी हो म्हणायच्या आत तिने सूर लावला. सारंगीची वाट न पाहता, एकटीने. "सातवीं मंज़िल पे धूप तो आती है..."

पहिल्या ओळीला कुजबुज होती. पुरुषांतले दोघे-तिघे उठून चहाकडे निघालेही. बत्रासाहेबांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. पण सतरंज्यांवर काहीतरी घडत होतं. 'पड़ोसन नहीं आती' आलं आणि एक हरियाणवी बाई शेजारणीला कोपर मारून मोठ्याने म्हणाली, "सुण, या तो म्हारी बात सै." मग तिथली कुजबुज थांबली. ताई त्यांच्याकडे वळून गाऊ लागली, जणू सतरंजीवर त्यांच्यात बसूनच बोलतेय. गाणं संपलं. आणि मग तीच बाई, पदर सावरत, उभी राहून: "फेर गा!"

"फेर गा! फिर से!" बायकांचा गलका झाला. मागून पुरुषांनी पुन्हा "कॉर्डलेस" सुरू केलं. दोन्हीकडचा आवाज चढत गेला, कुणाचं काही ऐकू येईना. तेवढ्यात मैदानावर कवायतीचा हुकूम घुमला.

"ख़ामोश! बैठ जाओ सब!"

अण्णा उभे होते. छाती काढून, मिशा थरथरत. त्यांचा तो परेडचा आवाज ऐकून चहाकडे गेलेलेसुद्धा जिथे होते तिथे खाली बसले. अण्णांनी मंचाकडे पाहिलं आणि एकदम मऊ होऊन म्हणाले, "गा, मंदे."

ती पुन्हा गायली. मग पुढची सात. एक मराठी होतं, त्यातली 'हुरहुर' ऐकून माझा मी राहिलो नाही. शेवटच्या गाण्याला सारंगीवाला घामाघूम झाला होता, थॉमसचे डोळे मिटलेले होते, आणि अण्णांच्या हुकुमानंतर कोणी उठलं नव्हतं. कोणीही नाही.

गाड्यांकडे जाताना बत्रासाहेब म्हणाले, "पर औरतें कैसेट खरीदती कहाँ हैं?"

"आज तक उनके लिए निकाली किसने?" मीच बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे नव्याने पाहिल्यासारखं पाहिलं. कॅसेट निघाली. मंदाकिनी घोरपडे, पूर्ण नाव, दोन ओळींत बसवलेलं. ती अक्षरं बसवताना मला जो आनंद झाला तो परीक्षा पास झालेल्या माझ्या मित्रांनाही झाला नसेल. 'कॉर्डलेस'सारखी ती खपली नाही. वरातीत वाजली नाही. पण ती संपायची, पुन्हा काढावी लागायची, पुन्हा संपायची. सरोजिनी नगरच्या त्या टपरीवर दुपारी, गर्दी नसताना, टपरीवाला ती स्वतःसाठी लावायचा. अण्णांना मी विचारलं, आता कसं वाटतं नवं गाणं? त्यांनी मिशी कुरवाळली. "गाणं एक नंबर आहे," ते म्हणाले. "पण नाच नाही त्यात." आणि मग हळूच, "एकटा असलो की लावतो."

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, आमची कंपनी मोडीत निघाली, आणि मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी ताईचा निरोप घ्यायला गुडगावला गेलो तर ती घरी नव्हती. अण्णा म्हणाले, कँटोनमेंटच्या हॉलमध्ये आहे, तिसरा अल्बम चाललाय, आता म्हणे एकटीने गायचंच नाही.

हॉलचं दार उघडंच होतं. आत एका मराठी पलटणीतल्या जवानांच्या वीस-पंचवीस बायका तीन ओळींत उभ्या होत्या. कुणी साडीत, कुणी गाऊनवर ओढणी घेतलेली, एकीच्या कडेवर बाळ. त्यांच्यापुढे पाठमोरी ताई. केसांत चांदी दिसू लागली होती. ती त्यांना सांगत होती, "घाबरून गाऊ नका गं. चुकलात तरी चालेल, पण मोठ्याने चुका." बायका हसल्या. तिने दोन्ही हात वर उचलले आणि हॉल एकदम शांत झाला. चाहूल लागली म्हणून तिने मान वळवली. मी दिसलो. चेहरा उजळला, ओठ हलले, पण हात हलवता येईनात. त्या उचललेल्या हातांवर सगळ्यांचे श्वास थांबलेले होते. तिने हनुवटीनेच मला 'ऐक' म्हटलं, पुन्हा समोर पाहिलं, आणि हात खाली आणले.